सेन्सर आत की बाहेर? आधी व्हॉल्व्ह बघा

वाचकाचं पत्र:

"मी रत्नागिरीची, नोकरीला कोल्हापुरात. सोमवारी पहाटे निघते, शुक्रवारी ऑफिस सुटलं की गाडी घेऊन घरी. गाडी सेकंड हँड, नऊ वर्षांची. ट्यूबलेस टायर, लोखंडी रिम, वर प्लॅस्टिकचे व्हील कॅप. चार वर्षांपूर्वी घेतली तेव्हा चारही टायर नवे टाकले होते. गेल्या महिन्यात रात्री नऊच्या सुमाराला आंबा घाट उतरताना गाडी डावीकडे ओढायला लागली. पाऊस, धुकं, मोबाइलला रेंज नाही, सोबत कोणी नाही. थांबायची छाती झाली नाही. तीन-चार किलोमीटर तशीच पहिल्या गिअरमध्ये उतरले आणि दिवे दिसले तिथे थांबले. पुढच्या डाव्या चाकात खिळा होता. पंक्चरवाल्याने टायर उघडून दाखवला तर आतून काळी भुकटी पडली. 'टायर गेला' म्हणाला. तो बदलला. आता बाबा म्हणतात, टायरमधल्या हवेचा दाब सांगणारे, व्हॉल्व्हवर (हवा भरायच्या नळीवर) फिरवून बसवायचे बाहेरचे सेन्सर ऑनलाइन मागव, तीन हजारांत काम होतं. टायरवाला म्हणतो, आतलेच घ्या, आठ-नऊ हजार जातील पण काम पक्कं. ऑफिसातले एक जण म्हणतात दोन्ही फुकट. मी कुणाचं ऐकू? आणि खरं सांगायचं तर अजून एक गोष्ट मनात आहे. त्या रात्री मी तिथेच थांबायला हवं होतं का?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, थांबायला नको होतं. धुक्यातल्या घाटात, वळणावर, एकटीने गाडी उभी करायची आणि जॅक लावायला खाली वाकायचं, मागून उतरणाऱ्या ट्रकला आपण दिसू की नाही याचा भरवसा नाही. त्यापेक्षा एक टायर गेला तो गेला. पहिल्या गिअरमध्ये गाडी धरून हळू उतरलात, उजेडात थांबलात, हे बरोबरच केलंत. घरात कुणी "टायर वाया घालवलास" म्हणालं असेल तर त्यांना एवढा परिच्छेद वाचून दाखवा.

ती काळी भुकटी कशाची होती तेही सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरून कळेल. टायरमधली हवा गेली की गाडीचं वजन टायरच्या साइडवर येतं. रिम आणि रस्ता यांच्या मधे ती साइड दर फेऱ्याला दुमडते आणि सरळ होते. आतलं रबर स्वतःवरच घासत झिजतं, त्याची ती भुकटी. तोवर साइडमधले धागेही तुटलेले असतात. असा टायर पंक्चर काढल्यावर हवा धरतो, वरून ठीक दिसतो, आणि पुढे कधीतरी वेगात असताना साइडला फुटतो. तुमच्या पंक्चरवाल्याने शंभर-दीडशे रुपये घेऊन पंक्चर काढून दिलं नाही, टायर उघडून दाखवला. त्या माणसाचं दुकान लक्षात ठेवा.

आता घाटाच्या जरा मागे जाऊ. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी तो बहुतेक वेळा भोकातच अडकून बसतो आणि हवा हळूहळू जाते. तो खिळा कोल्हापुरातच ऑफिसबाहेर लागला असेल, नाहीतर बांबवड्याच्या आसपास. कुठेही लागलेला असो, तुम्ही घाटाच्या अलीकडच्या मलकापुरात पोचलात तेव्हा त्या चाकात ३२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) ऐवजी २६-२७ उरली असणार. इतक्या फरकाने स्टिअरिंग हाताला काही सांगत नाही, डोळ्यांनाही टायर बसलेला दिसत नाही. मलकापुरात मात्र दुकानं होती, उजेड होता, माणसं होती. तिथे कुणी सांगितलं असतं की पुढचं डावं चाक बघ, तर ती रात्र तुमच्या वाट्याला आली नसती. सेन्सरचं काम एवढंच, आणि तुमच्यासारख्या रस्त्याला हे काम थोडं नाही.

म्हणून तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं मला पटत नाही. खड्ड्याच्या धारेवर आपटून साइड चिरली किंवा म्हातारा टायर एकदम फुटला तर सेन्सर काही वाचवत नाही, हे त्यांचं खरं. पण कमी हवेवर तासन् तास पळणारा टायर तापतो, आणि हायवेवर फुटणाऱ्या कितीतरी टायरांच्या मुळाशी ही कमी हवाच असते. अमेरिकेत टायर निकामी होऊन झालेल्या अपघातांच्या मालिकेनंतर २००० साली कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून तिथल्या नव्या मोटारींना हवेचा दाब सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती असते. तिथे इतक्या लोकांनी विचार करून हे लावलंय, ते फुकट म्हणून सोडून देण्यासारखं नाही. अमेरिकन नियमात ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के हवा कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे असं आहे. तुमच्या ३२ च्या हिशेबाने तो २४ ला लागेल. आंबा घाटासाठी २४ म्हणजे फार उशीर. आपला इशारा आपण त्याच्या बराच वर ठेवायचा, ते पुढे सांगतो.

तर आत की बाहेर?

दुकानात गेलात की पहिला वाद अचूकतेचा होतो. आतला अचूक, बाहेरचा अंदाजे, असं सांगतात. हवेच्या दाबाच्या बाबतीत याला फारसा अर्थ नाही. टायरमधली हवा एकच, ती आतल्या सेन्सरला जेवढी ढकलते तेवढीच व्हॉल्व्हच्या तोंडावर बसलेल्या बाहेरच्या सेन्सरला. बऱ्या प्रतीच्या किटमध्ये पीएसआयचा आकडा दोन्हीकडे जवळपास सारखाच येतो. तापमानात फरक पडतो. आतला सेन्सर टायरमधल्या हवेचं तापमान सांगतो. बाहेरच्याला वारा लागतो, पाऊस लागतो, त्याचा आकडा आतल्या उष्णतेपेक्षा कमी येतो. पण आपल्याला मुख्यतः दाब हवाय. तेव्हा हा वाद दुकानातच सोडा आणि गाडीजवळ उकिडव्या बसून व्हॉल्व्ह बघा.

तुमची गाडी नऊ वर्षांची, लोखंडी रिमची, म्हणजे व्हॉल्व्ह रबराचे असणार. काळा, बोटाच्या पेराएवढा, रिमच्या भोकात दाबून बसवलेला. किंमत इतकी किरकोळ की टायर बदलताना बिलात वेगळा दिसतही नाही, आणि म्हणूनच टायर बदलताना तो बदलला की नाही हे कुणी विचारत नाही. कदाचित तुमचे व्हॉल्व्ह गाडीच्याच वयाचे असतील. अंगठ्याने व्हॉल्व्ह एका बाजूला वाकवा आणि तो रिममधून जिथे बाहेर येतो तिथे नीट बघा. रबरावर उन्हाळ्यातल्या शेतासारख्या भेगा उघडल्या तर तो व्हॉल्व्ह संपला. मग बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर आणि बुडाशी फिरवा, आपले पंक्चरवाले करतात तसं. बुडबुडा आला की हवा जातेय. साबणाचं पाणी असेल तर आणखी चांगलं.

बाहेरचा सेन्सर बसतो तो या रबरी व्हॉल्व्हवर. टोपीच्या जागी फिरवून घट्ट करायचा. तो बसताना आतली पिन दाबून ठेवतो, त्याशिवाय हवा सेन्सरपर्यंत पोचणारच नाही. म्हणजे एरवी हवा अडवून धरणारी पिन आता कायमची उघडी. हवा अडवतो तो सेन्सरमधला नाण्यापेक्षा लहान रबरी वॉशर. तो उन्हाने कडक झाला, चिरला, किंवा त्याखाली वाळूचा कण आला की हवा जायला लागते. खिळा नसताना, टायर धडधाकट असताना.

वजनाचंही बघा. बाहेरचा सेन्सर साधारण १० ग्रॅमचा, हातात घेतला तर काहीच वाटत नाही. पण चाक फिरतं तेव्हा तो बाहेरच्या दिशेला ओढला जातो. ताशी ८० किलोमीटरला तुमच्या मापाच्या चाकावर हा १० ग्रॅमचा तुकडा व्हॉल्व्हला जवळजवळ एक किलोच्या जोराने ओढतो, १०० ला दीड किलोच्या. गाडी थांबली की व्हॉल्व्ह सरळ, पळाली की वाकडा. रोज शेकडो वेळा. जुन्या रबराला हे झेपत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. चार वर्षांपूर्वी मी माझ्या गाडीला बाहेरचे सेन्सर लावले, व्हॉल्व्ह मात्र जुनेच ठेवले. पाच-सहा महिने सगळं छान चाललं. मग एका दुपारी पुण्याहून साताऱ्याकडे जाताना, शिरवळच्या पुढे, डिस्प्ले, म्हणजे सेन्सरचे आकडे दाखवणारा छोटा पडदा, ओरडायला लागला. मागचं डावं चाक २९. बघता बघता २५. मी गाडी कडेला घेतली तेव्हा १८, आणि थांबून दार उघडेपर्यंत ११. टायरवर कुठेही खिळा नाही, काच नाही. मदतीला आलेल्या मेकॅनिकने सेन्सर धरून व्हॉल्व्ह जरा हलवला, तेव्हा बुडाशी अर्ध्या गोलापर्यंत फाटलेलं रबर दिसलं. सेन्सरने मला वेळेवर सांगितलं, हे खरं. पण हवा गेली तीही त्याच सेन्सरच्या ओढीने. बायको आणि दोन्ही मुलं गाडीत होती. त्या दिवसापासून मला कुणी सेन्सर विचारला की मी आधी व्हॉल्व्ह विचारतो.

याला उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. धातूचा व्हॉल्व्ह येतो, नटाने रिमला आवळून बसवायचा. शंभर-दोनशे रुपयांना एक. तो वाकत नाही. बाहेरचे सेन्सर कुणालाही घ्यायचे असतील तर त्यांनी चारही व्हॉल्व्ह धातूचे, आखूड बघून, करून घ्यावेत आणि मगच सेन्सर फिरवावेत. पण व्हॉल्व्ह बदलायला टायर रिमवरून उतरवावा लागतो, पुन्हा बॅलन्सिंग करावं लागतं. म्हणजे बाबांच्या तीन हजारांत चार व्हॉल्व्ह, चार टायर उघडणं-बसवणं आणि बॅलन्सिंग मिळवा. मग टायरवाल्याच्या आठ-नऊ हजारांशी तुलना करा. अंतर राहतं, पण दिसतं तेवढं राहत नाही.

बाहेरच्या सेन्सरच्या बाकी अडचणी तुम्हाला आठवड्यातच कळतील. हवा भरायला प्रत्येक वेळी तो काढावा लागतो. चोरीला जाऊ नये म्हणून खाली एक पातळ नट देतात, तो सोडवायला छोटा पाना लागतो. पंपावर मागे रांग असते, हवेवाला घाईत असतो, सेन्सर त्याच्या हातात किंवा जमिनीवर राहतो. तो नट न लावता वापरणारे पुष्कळ आहेत, मग रस्त्यावर लावलेल्या गाडीचे सेन्सर एखाद्या सकाळी गायब झालेले दिसतात. तुमच्या गाडीला तर व्हील कॅप आहेत. कॅपच्या भोकातून सेन्सर बाहेर येतो की कॅपला घासतो, हे लावून बघितल्याशिवाय कळत नाही. घासत असेल तर व्हील कॅप काढूनच फिरावं लागेल.

बॅटरीच्या बाबतीत मात्र बाहेरचा सरस. बटणासारखी बॅटरी असते, वर्ष-दोन वर्षांनी झाकण उघडून घरी बदलता येते. आतल्याची बॅटरी सेन्सरमध्येच ओतून बंद केलेली असते. साधारण पाच ते सात वर्षं, काही जास्तही चालतात, पण संपली की सेन्सरच बदलायचा.

आतला सेन्सर म्हणजे सुपारीपेक्षा जरा मोठी डबी, २५-३० ग्रॅमची, व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला जोडलेली. वजनाने बाहेरच्याच्या अडीच-तीन पट, पण ती धातूच्या नटाने रिमला आवळलेली असते आणि रिमच्या खोलगट भागात बसते, त्यामुळे ओढ रिम सोसतो. पिन आपलं काम करत राहते, टोपी आपल्या जागी. हवा भरताना नेहमीसारखी टोपी काढायची, भरायची, लावायची. बाहेरून कुणाला कळतही नाही की आत काही आहे.

हे न कळणंच आतल्या सेन्सरचा मोठा धोका आहे. टायर उतरवताना मशीनचा पंजा टायरची कड रिमपासून सोडवतो. तो नेमका व्हॉल्व्हच्या जागी दाबला की सेन्सरचा चुरा. हाताने टॉमी (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) घालून टायर उघडणाऱ्याकडे तर हमखास. म्हणून टायर उघडायची वेळ आली की तोंडाने सांगायचं, "दादा, आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हपासून लांब दाबा." सांगून झाल्यावर तिथेच उभं राहायचं, चहाला जायचं नाही. साधं पंक्चर असेल तर ही भीती नाही. गावातला पंक्चरवाला बाहेरूनच स्ट्रिप घालतो, टायर उघडत नाही, सेन्सरला कुणी हात लावत नाही. टायरमध्ये ओतायचं पंक्चररोधक द्रव मात्र आतल्या सेन्सरच्या बरोबर कधी वापरू नका. तो चिकट द्रव सेन्सरच्या बारीक भोकात बसतो आणि सेन्सर आंधळा होतो.

आणि एक गोष्ट खास आपल्या किनारपट्टीची. आतल्या सेन्सरचा व्हॉल्व्ह बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत त्यावर पांढरी बुरशीसारखी पूड येते. त्यात साधी पितळी पिन बसवली की दोन धातू एकमेकांना खातात आणि पिन जागेवरच जाम होते. पुढच्या वेळी पिन काढायला गेलं की व्हॉल्व्हच मोडतो. म्हणून पिन निकेलचा मुलामा असलेलीच हवी आणि टोपी प्लॅस्टिकचीच. बाजारात चमकणाऱ्या धातूच्या टोप्या मिळतात, त्या खाऱ्या हवेत अशा बसतात की पक्कडीनेही निघत नाहीत. आतल्या सेन्सरचा रबरी व्हॉल्व्हचा प्रकारही येतो. मिळाला तर किनाऱ्यावर तोच घ्या. तिथे सेन्सरचं वजन रिमच्या आत असतं, व्हॉल्व्हच्या बाहेरच्या टोकाला लटकलेलं नसतं, त्यामुळे माझ्या गाडीला झालं तसं होत नाही.

आता तुमचं.

आठवड्याला एक फेरी, जाऊन-येऊन २६० किलोमीटर. सुट्ट्या वगळून वर्षाचे १३ हजार धरू. चार वर्षांत पन्नास हजारांच्या वर झाले. म्हणजे उरलेले तीन टायर असेही निघायला आलेत. ग्रिपच्या खोबणीत मधे मधे उंचवटे असतात, टायर त्यांच्या बरोबरीला झिजला की ग्रिप १.६ मिलिमीटर उरली, कायद्याने तिथे टायर संपला. घाटाच्या ओल्या रस्त्याला मी त्याच्या बरंच आधी काढतो. तेव्हा येत्या दोन-चार महिन्यांत तीन टायर टाकायचेच असं समजून चाला, आणि त्याच दिवशी, त्याच दुकानात, चारही चाकांना आतले सेन्सर बसवा. टायर उघडलेलेच असतात, उघडण्या-बसवण्याचे आणि बॅलन्सिंगचे पैसे तुम्ही देणारच असता. चौथा नवा टायर तेवढा वेगळा उघडावा लागेल. सेन्सरची बॅटरी पुढच्या टायरबदलीपर्यंत पुरेल, मग टायरांच्याच बरोबरीने तेही बदलायचे. आधी घाईने सेन्सर घातलेत तर तीन टायर दोनदा उघडावे लागतील, ते टाळा.

माझं मत आतल्याच्या बाजूने पडतं याचं आणखी एक कारण आहे. तुम्ही शुक्रवारी थकून, अंधारात, पावसात निघता. पंपावर छोटा पाना काढून चार सेन्सर सोडवायचे आणि पुन्हा घट्ट करायचे, हे तुम्ही पहिले दोन महिने कराल. मग कंटाळा येईल आणि हवा भरणंच लांबेल. जी गोष्ट हवा भरण्याच्या आड येते ती तुमच्या उपयोगाची नाही.

बाबांना मात्र चुकीचं ठरवू नका. ट्यूबचे टायर असते, गाडी वर्षभरात विकायची असती, किंवा गावाजवळ टायरचं मशीन नसून सगळं काम टॉमीवर चालत असतं, तर मीही बाहेरचेच म्हटलं असतं, धातूच्या व्हॉल्व्हसकट. घरात दोन गाड्या असतील आणि लांबच्या प्रवासाला एकीचे काढून दुसरीला लावायचे असतील तर बाहेरच्यासारखं दुसरं काही नाही.

दुकानात बिल व्हायच्या आधी चारही चाकांचा आकडा डिस्प्लेवर आलेला बघून घ्या. नुसता आकडा नाही, कुठला सेन्सर कुठल्या चाकाचा तेही. एकेका चाकातली थोडी हवा सोडायला सांगा आणि डिस्प्लेवर तेच चाक खाली येतंय ना, बघा. पुढचं डावं म्हणून मागचं उजवं दाखवणारा डिस्प्ले घाटात काही कामाचा नाही. पुढे कधी टायर पुढचे मागे केले तर ही जुळणी पुन्हा करून घ्यावी लागते, हे लक्षात असू द्या. डिस्प्ले सोलरवर चालणारा, काचेला चिकटवायचा असेल तर उन्हात गाडी लावताना काढून ठेवत चला. बंद गाडीच्या तापलेल्या काचेवर त्याची बॅटरी लवकर मरते.

इशारा किती वर ठेवायचा? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीचा स्टिकर असतो, त्यावरचा आकडा धरा. पंपावरचा माणूस सगळ्यांना भरतो तो आकडा नको. स्टिकरवर ३२ असेल तर खालचा इशारा २८ ला लावा, वरचा ४२ ला. हवा मोजायची ती गाडी तीन तास उभी असताना, थंड टायरवर. दर दहा अंशांना दाब सुमारे दीड पीएसआयने बदलतो. पहाटे निघताना ३२ दिसली आणि मलकापूरला ३५-३६ दिसली तर घाबरून हवा काढू नका, टायर गरम झालाय इतकंच. चारही चाकं एकत्र वर जातात किंवा एकत्र खाली येतात तोवर काळजी नाही. एकच चाक बाकी तिघांपासून वेगळं वागायला लागलं की लक्ष द्या. तुम्हाला त्या रात्री हेच दिसलं असतं.

इशारा वाजलाच तर ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घ्या, आकडा बघा. हळूहळू उतरत असेल, मिनिटाला एखादा, तर तुमच्याकडे वेळ आहे. पुढच्या उजेडापर्यंत, पंपापर्यंत, दुकानापर्यंत जा. झरझर उतरत असेल तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा दिसताच थांबा आणि पार्किंगचे चारही दिवे लावा. खिळा दिसला तर उपटू नका, तोच बूच बनून हवा धरून आहे. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप दीड-दोन हजारांत येतो. तो डिकीत असेल तर खिळ्यासकट ३५ पर्यंत हवा भरून आंबा गावाहून घाटाखालच्या साखरप्यापर्यंत निवांत उतरता येतं. खरं सांगू का, पैसे एकाच गोष्टीपुरते असते तर मी तुम्हाला आधी हा पंप घ्यायला सांगितला असता.

नवे टायर येईपर्यंत पाचशे रुपयांचा हवा मोजायचा गेज घ्या. शुक्रवारी ऑफिसातून निघताना पार्किंगमध्येच चारही चाकं मोजा. दोन मिनिटांचं काम. एखादं चाक गेल्या आठवड्यापेक्षा दोन-तीनने कमी दिसलं तर कोल्हापूर सोडायच्या आधी दाखवून घ्या. आणि व्हॉल्व्ह वाकवून बघायचं याच रविवारी करा, सेन्सर घ्या की न घ्या. भेगा असतील तर तो टायरबदलीपर्यंत थांबणारा विषय नाही.

दुकानदार कदाचित असंही म्हणेल की सेन्सर बसवले, आता स्टेपनीची गरज नाही, काढून डिकी मोकळी करा. २०२० मध्ये केंद्राच्या नियमात तशी सवलत आली हे खरं आहे. साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या गाड्यांना ट्यूबलेस टायर, दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असतं, त्यांना स्टेपनी नसली तरी चालते. पण दुरुस्तीच्या किटमधलं द्रव साइड चिरलेल्या टायरला काही करू शकत नाही, आणि घाटरस्त्यावर साइडही चिरू शकते. स्टेपनी काढू नका.

उलट तिच्याकडे एकदा बघा. टायरच्या साइडवर लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२० म्हणजे २०२० सालचा तेविसावा आठवडा. तुमची स्टेपनी गाडीबरोबर आलेलीच असेल तर ती नऊ वर्षांची निघेल, एकदाही रस्त्याला न लागता म्हातारी झालेली. तीन जुने टायर काढाल तेव्हा त्यातला कमी झिजलेला, साइडला भेगा नसलेला एक निवडा, त्याला नवा व्हॉल्व्ह टाकून घ्या आणि स्टेपनीच्या रिमवर चढवा. उरलेले दोन आणि स्टेपनीचा जुना टायर दुकानातच देऊन टाका.